जड ठोकळा आणि यांत्रिक चिमटा
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वार्षिक संमेलनात मुलांचे शिक्षण, वधूवरांचा परिचय, वसतिगृहाची इमारत आणि निधीचा हिशेब यांवर बोलण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. आज मात्र आम्ही आपल्यापुढे एका लोखंडी अवजाराचा विषय मांडणार आहोत. ज्या घरांचा प्रपंच पिढ्यान्‌पिढ्या टाकी, सुतकी आणि पहार यांवर चालला, त्या घरांच्या मेळाव्यात अवजाराची चर्चा परकी वाटण्याचे कारण नाही. खंडेनवमीला आपण हत्यारांपुढे हात जोडतो. त्यांच्याविषयी वर्षातून एकदा चार विचारही बोलावेत, एवढेच आमचे मागणे आहे.

भगिनींनीही हा विषय पुरुषांचा म्हणून सोडून देऊ नये. कामावरून परतलेल्या माणसाची कंबर शेकण्याचे काम त्यांच्याच वाट्याला येते; आणि मुलाने बापाचा धंदा पुढे चालवावा की नाही, याचा निर्णय पुष्कळ घरांत त्या कंबरेकडे पाहूनच होतो. आपली शिकलेली मुले बांधकामाच्या धंद्याकडे पाठ फिरवतात अशी तक्रार वडील मंडळी करतात. त्या तक्रारीत तथ्य आहे. तथापि ज्या धंद्यात चाळिशीच्या आत पाठ वाकते आणि एखादे बोट जायबंदी होते, त्या धंद्याकडे मुलाने पाठ फिरवली तर त्याला दोष कसा द्यावा?

आमचा विषय असा: काँक्रीटचे जड ठोकळे क्लॅम्पने, म्हणजेच यांत्रिक चिमट्याने, सुरक्षितपणे आणि थोड्या वेळात कसे उचलावेत.

आपल्या पूर्वजांचा संबंध पाषाणाशी होता. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या कामावर दगडाची जागा काँक्रीटने घेतली आहे. रस्त्याच्या कडेचे कर्ब, नाल्यावरची झाकणे, संरक्षक भिंतीचे एकमेकांत बसणारे मोठे ठोकळे, हे सर्व कारखान्यात साच्यातून निघून कामावर येतात. साच्यातून निघालेली वस्तू सुबक दिसते, आणि सुबक वस्तू हलकी भासते. हा भास घातक आहे. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे 2400 किलोग्रॅम भरते. या एका आकड्यावरून कोणत्याही भरीव ठोकळ्याचे वजन काढता येते. लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये मोजावी, तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्यास 2400 ने गुणावे. 40 सेंटिमीटर लांब, 20 रुंद आणि 20 उंच असा भरीव ठोकळा सुमारे 38 किलो भरतो. एक मीटर लांब, 30 सेंटिमीटर उंच आणि 15 जाड असा कर्ब 108 किलो भरतो. भिंतीचा 120 सेंटिमीटर लांब, 60 रुंद आणि 60 उंच ठोकळा एक हजार किलोच्या वर जातो. सातवी-आठवीतल्या मुलाला येणारे हे गणित आहे. परंतु कामावर ते करून पाहणारा मुकादम विरळा.

आता या आकड्यांशेजारी माणसाची शक्ती ठेवून पाहू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा 55 किलो सांगितली. पुढे ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाने आपल्या मार्गदर्शनात पुरुषासाठी 25 किलोचा आकडा दिला, आणि तोही ओझे कमरेच्या उंचीवर, अंगाजवळ धरलेले असेल तेव्हाचा. आपला कर्ब दोघांनी उचलला तरी प्रत्येकाच्या वाट्याला 54 किलो येतात. शिवाय ते जमिनीपासून, वाकून आणि बोटे खाली घालून उचलावयाचे असतात. असे एकदा करणे निराळे आणि दिवसातून शंभरदा करणे निराळे. पाठ मोडते ती एका मोठ्या ओझ्याने क्वचितच. रोजच्या ओझ्याने ती झिजत जाते.

जड शिळा चिमट्याने धरून उचलण्याची युक्ती नवी नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात दगड उचलण्याच्या लोखंडी चिमट्यांचा उल्लेख केला आहे. त्या चिमट्यांचे दात दगडात कोरलेल्या छिद्रांत बसत असत. दगडाच्या माथ्यावर आत रुंद होत जाणारी खाच कोरून तीत लोखंडाच्या तीन पाचरी बसवावयाच्या आणि त्यांना दोर बांधून शिळा वर घ्यावयाची, ही रीतही प्राचीन आहे. या दोन्ही रीतींत कारागिराला दगडात छिद्र किंवा खाच करावी लागे. आजच्या क्लॅम्पला छिद्र लागत नाही. तो ठोकळ्याच्या दोन बाजू दाबून धरतो, आणि केवळ घर्षणाच्या बळावर ठोकळा वर येतो. त्याची सोय येथेच आहे आणि त्याचा धोकाही येथेच आहे. तो धोका नीट समजावा म्हणूनच आम्ही आपला वेळ घेत आहोत.

स्वयंपाकघरातील सांडशीचे उदाहरण घेऊ. सांडशीने पातेले धरताना पकडीचा जोर मुठीतून येतो. मूठ सैल पडली की पातेले सुटते. कात्री-क्लॅम्पची रचना सांडशीसारखीच, पण तिच्यात मूठ नसते. दोन बाहू मध्यभागी एका खिळीवर फुलीसारखे ओवलेले असतात. वरच्या टोकांना साखळ्या जोडलेल्या असून त्या क्रेनच्या आकड्यात एकत्र येतात. आकडा वर जाऊ लागला की वरची टोके जवळ ओढली जातात आणि त्याबरोबर खालचे जबडेही ठोकळ्यावर आवळतात. म्हणजे दाबणारी शक्ती ठोकळ्याच्या स्वतःच्या वजनातूनच उत्पन्न होते. ठोकळा जितका जड, तितकी पकड घट्ट. ही योजना इतकी चतुर आहे की ती पाहून माणूस निश्चिंत होतो. आणि नेमकी ही निश्चिंती नडते.

कारण असे की, पकड पुरेशी आहे की नाही हे केवळ दाबावर ठरत नाही, ते पृष्ठभागावरही ठरते. समजा, ठोकळा 1000 किलोचा आहे. दोन जबड्यांनी प्रत्येकी 500 किलोचा भार घर्षणाने तोलून धरावयाचा आहे. ठोकळ्याची बाजू कोरडी व स्वच्छ असून दाबाच्या निम्म्याइतके घर्षण मिळते असे धरले, तर प्रत्येक जबड्याने 1000 किलोइतका दाब दिला पाहिजे, आणि तोसुद्धा जेमतेम पुरेल. आता तीच बाजू पावसाने ओली झाली, तिच्यावर चिखल बसला किंवा साच्याला लावलेल्या तेलाचा ओशटपणा राहिला, आणि घर्षण दाबाच्या चौथाईवर आले. आता दाब दुप्पट हवा. पण क्लॅम्पचा दाब तर ठोकळ्याच्या वजनाच्या ठरावीक पटीत असतो; ओल पाहून तो वाढत नाही. बंधूंनो, आमच्या साऱ्या व्याख्यानाचे सार या एका वाक्यात आहे: वजन वाढले की पकड वाढते, पण ओल वाढली की पकड वाढत नाही. ज्याने हे वाक्य ध्यानात ठेवले त्याला क्लॅम्प निम्मा समजला.

उरलेला निम्मा भाग रुंदीचा. बाहूंचा कोन बदलला की दाबाची पटही बदलते. म्हणून प्रत्येक क्लॅम्प ठोकळ्याच्या ठरावीक रुंदीसाठीच बनविलेला असतो. चांगल्या क्लॅम्पवर एक धातूची पट्टी बसविलेली असते आणि तिच्यावर तीन आकडे कोरलेले असतात: सुरक्षित भार, कमीत कमी रुंदी आणि जास्तीत जास्त रुंदी. पट्टी नसलेला क्लॅम्प म्हणजे लेबल नसलेली औषधाची बाटली. आपल्यापैकी काही मंडळींची वेल्डिंगची दुकाने आहेत आणि त्यांच्या हातात कसब आहे. पण दुसऱ्याचा क्लॅम्प पाहून तसाच जोडून देणे हे कसबाचे काम नव्हे. त्याचे गणित झाले पाहिजे, भार लावून परीक्षा झाली पाहिजे, आणि मगच त्यावर आकडा कोरला पाहिजे. वाकलेला बाहू ठोकून सरळ करणे आणि तडकलेल्या ठिकाणी टाका मारून काम चालविणे, या दोन सवयी आपल्या ज्ञातीने तरी सोडाव्यात.

काँक्रीटच्या स्वभावाचाही विचार केला पाहिजे. काँक्रीट दाब उत्तम सोसते. ताण सोसण्याची त्याची शक्ती मात्र दाबाच्या मानाने सुमारे दशांश असते. क्लॅम्प दोन्ही बाजूंनी दाबतो, म्हणून भरीव ठोकळ्याला त्याची पकड मानवते. परंतु लांबलचक तुकडा मध्येच एका क्लॅम्पने धरला तर त्याची दोन्ही टोके खाली लोंबतात, वरच्या अंगास ताण पडतो आणि तुकडा अधांतरी मोडू शकतो. अशा ठिकाणी आडव्या तुळईला दोन क्लॅम्प टांगून दोन ठिकाणी धरावे. नुकत्याच साच्यातून काढलेल्या ओल्या ठोकळ्याला क्लॅम्प लावू नये. त्याला पुरेशी ताकद येऊ द्यावी. पोकळ ठोकळ्याच्या पातळ भिंतीवर किंवा तडा गेलेल्या बाजूवर जबडा लावणे म्हणजे अंडे पकडीने उचलण्यासारखे आहे.

कोणी विचारील की दोर, साखळी आणि पट्टे असताना हा नवा खर्च कशाला? दोराने ठोकळा बांधावयाचा तर तो आधी पहारेने उचकटावा लागतो, खाली लाकूड सरकवावे लागते, दोर ओवण्यासाठी हात आत घालावा लागतो, आणि ठोकळा जागेवर बसल्यावर तोच दोर खालून ओढून काढावा लागतो. एका उचलीसाठी ठोकळा तीनदा हाताळला जातो, आणि प्रत्येक वेळी बोटे त्याच्याखाली असतात. शिवाय दोन दोर जितके पसरट लावावेत तितका त्यांच्यावरचा ताण वाढतो. उभ्या रेषेशी 60 अंशांचा कोन झाला की दोघांपैकी एकेका दोरावर ठोकळ्याच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो. क्लॅम्प वरून उतरतो, दोन बाजू धरतो, ठोकळा नेमक्या जागी बसवतो आणि सुटतो. कोणाचा हात ठोकळ्याखाली जात नाही. काम लवकर होते ते माणसांना घाई केल्यामुळे नव्हे, तर मधली उठाठेव गळाल्यामुळे.

मोठी क्रेन प्रत्येक गल्लीत शिरत नाही हे आम्ही जाणतो. त्यासाठी दोन सोप्या योजना आहेत. पहिली म्हणजे दोघांनी धरावयाचा हात-क्लॅम्प. दोन्ही टोकांना मुठी असतात, मधले जबडे कर्बला धरतात आणि दोघे जण जवळजवळ ताठ उभे राहून तो उचलतात. येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की हात-क्लॅम्प वजन कमी करीत नाही. तो वाकणे कमी करतो आणि बोटे वाचवतो. म्हणून 108 किलोचा कर्ब दिवसभर त्याने वाहू नये. चार पावले सरकवून नेमका बसविण्यापुरताच त्याचा उपयोग करावा, आणि वाहतुकीला चाकाचा गाडा वापरावा. दुसरी योजना म्हणजे मजबूत तिपाई, तिला टांगलेली चेन-पुली आणि तिच्या आकड्यात लहान कात्री-क्लॅम्प. हिला ना डिझेल लागते ना रुंद रस्ता, आणि छोट्या कंत्राटदारालाही ती परवडते.

आता कामावर पाळावयाचे नियम सांगतो. उचलण्यापूर्वी ठोकळ्याचे वजन काढावे आणि पट्टीवरचे आकडे वाचावेत. वजनाच्या हिशेबात क्लॅम्पचे स्वतःचे वजनही धरावे, कारण क्रेनला दोन्ही उचलावयाचे असतात. ठोकळ्याच्या दोन्ही बाजू पुसून घ्याव्यात. जबड्यांचे रबर झिजले असेल किंवा त्यात वाळू रुतली असेल तर काम थांबवावे. जबडे लांबीच्या मधोमध लावावेत, आणि ठोकळ्याचा गुरुत्वमध्य पकडीच्या खाली राहील असे पाहावे. नाही तर ठोकळा हवेत उलटतो. प्रथम 10 ते 15 सेंटिमीटर एवढाच उचलून क्षणभर थांबावे. घसरावयाचा असेल तर तो तेथेच घसरू द्यावा, कारण तेवढ्या उंचीवरून पडल्यास फार तर ठोकळ्याचा कोपरा जाईल. मग सावकाश, शक्य तितक्या खालून न्यावा. त्याला हाताने वळवू नये. दोरी बांधून दुरून दिशा द्यावी. क्रेनवाल्याला खूण करणारा माणूस एकच असावा. आणि टांगलेल्या ठोकळ्याखाली कोणीही, कोणत्याही निमित्ताने, पळभरसुद्धा उभे राहू नये.

काही क्लॅम्पना आपोआप उघडणारी कळ असते. ठोकळा टेकला आणि साखळी सैल झाली की कळ अडकते आणि जबडे उघडे राहतात. सोय मोठी, पण एक धोका लक्षात ठेवावा. ठोकळा वाटेत भिंतीच्या कडेवर किंवा गाडीच्या फळीवर अर्धवट टेकला, तरी साखळी सैल होते आणि ती मुकी कळ काम संपले असे समजते. म्हणून ठोकळा वाटेत कोठेही टेकवू नये. टेकवावयाचा तर सपाट आणि पक्क्या जागीच टेकवावा.

क्लॅम्प कोठे वापरू नये हेही सांगितले पाहिजे. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कठड्याबाहेर लाटांचा मार झेलणारे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांना समांतर बाजूच नाहीत. असा ठोकळा क्लॅम्पच्या जबड्यात धरता येत नाही, त्याला पट्टे किंवा साखळी घालूनच उचलावा लागतो. ज्या ठोकळ्याच्या दोन बाजू समोरासमोर, सपाट आणि समांतर आहेत त्यालाच हा क्लॅम्प लागू. बाजू वर अरुंद होत जाणारी असेल तर जबडा वर निसटण्याचा धोका अधिकच. अवजाराची मर्यादा ओळखणे हेही कारागिरीचेच अंग आहे.

यंत्र आले की गरिबाच्या पोटावर पाय येतो, असा आक्षेप काही वडील मंडळी घेतील. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ओझी वाहणाऱ्यांचे हाल या महाराष्ट्राने पाहिले, म्हणूनच 1969 साली माथाडी व हमाल कामगारांसाठी येथे स्वतंत्र कायदा झाला. आमचे उत्तर असे की, क्लॅम्पमुळे वाचलेला वेळ आणि वाचलेला पैसा कोणाच्या पदरात पडतो यावर हा प्रश्न अवलंबून आहे. मालकाने चार माणसांपैकी दोघांना घरी बसविले आणि उरलेल्या दोघांवर दुप्पट काम लादले, तर तो चिमटा ठोकळ्याला नव्हे, माणसालाच बसला. तेच दोघे त्याच मजुरीत ताठ कमरेने साठीपर्यंत काम करू शकले, आणि दुसऱ्या दोघांना क्लॅम्प व चेन-पुली चालविण्याचे शिक्षण मिळाले, तर यंत्र उपकारक ठरते. आपल्यापैकी जे मजूर होते ते मुकादम झाले, आणि जे मुकादम होते ते कंत्राटदार झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण आज आपल्या कामावर राबणारी माणसे पुष्कळदा परजिल्ह्यातून आणि परप्रांतातून आलेली असतात. त्यांची पाठ ही कोणाच्या तरी वडिलांची पाठ आहे. आपल्या वडिलांच्या पाठीची आठवण ठेवून आपण त्यांच्याशी वागले पाहिजे.

1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 29 व्या कलमाने उचलण्याची साधने बारा महिन्यांतून एकदा तरी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावीत अशी अट घातली होती. कायद्यांची नावे आणि कलमे काळानुसार बदलतात; त्या अटीमागचे शहाणपण बदलत नाही. या आधारावर आम्ही ज्ञातीपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, संस्थेने दोन हात-क्लॅम्प आणि चेन-पुलीसह एक तिपाई विकत घ्यावी, आणि होतकरू सभासदांना ती नाममात्र भाड्याने द्यावी. दुसरी, सुट्टीच्या दिवसांत अभियांत्रिकी शिकणाऱ्या आपल्या मुलांनी मुकादमांना वजनाचे आणि घर्षणाचे गणित शिकवावे, आणि मुकादमांनी त्या मुलांना हात मळवावयास शिकवावे. विद्या दोन्हीकडून वाढेल. तिसरी, प्रतिवर्षी खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक सभासदाने आपल्या कामावरील क्लॅम्प, साखळ्या, आकडे आणि दोर जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावेत. जे सदोष निघेल ते पूजेला मांडू नये. ते मोडीत काढावे. तपासलेल्या हत्यारालाच हळदकुंकू लागावे, अशी रीत आपण पाडली तर ती पुढच्या पिढीला आपली मोठी देणगी ठरेल.

ठोकळा उचलणे हे बळाचे काम आहे असे आपण आजवर मानत आलो. यापुढे ते विवेकाचे काम मानावे, एवढीच विनंती.